सल्ला देणाऱ्याचें ऋण

जो हरला तो मूर्ख होता, असें म्हणण्याची खोड मनुष्यास फार आहे. इ. स. १९३९ सालीं पोलंड देश जर्मनीपुढें पडला, तेव्हांपासून त्याच्याविषयीं असेंच बोललें जातें. पोलिश स्वार भाले घेऊन रणगाड्यांवर धांवले म्हणे! ही गोष्ट खरी नाहीं. १ सप्टेंबर रोजीं क्रोयांती गांवाजवळ पोलिश घोडदळानें जर्मन पायदळावर चाल केली. मागाहून चिलखती गाड्यांनीं येऊन त्यावर गोळीबार केला. तेवढ्यावरून ही कथा पसरली.

तर मग पोलंडची तयारी नव्हती काय? शत्रूपाशीं विमानें व रणगाडे पुष्कळच अधिक होते, आणि उत्तर, पश्चिम व दक्षिण अशा तिन्ही बाजूंनीं तो सीमेवर होता, हें खरें. तरी तयारी चालली होती. ती वेळेवर पुरी झाली नाहीं, ह्याचें कारण वाचकांनीं लक्षांत घ्यावें. २९ ऑगस्ट रोजीं पोलिश सरकारानें सर्व राखीव शिपायांस बोलावण्याचा हुकूम काढला. तेव्हां शत्रूस निमित्त मिळूं नये म्हणून थोडें थांबावें, अशी विनंती ब्रिटन व फ्रान्स ह्या मित्रराष्ट्रांच्या वकिलांनीं केली. हुकूम मागें घेतला गेला, आणि दुसऱ्याच दिवशीं पुन्हां काढावा लागला. लढाईस तोंड लागलें तेव्हां कित्येक पलटणी आपल्या ठिकाणीं पोहोंचल्याच नव्हत्या.

शांतीच्या आशेनें जो आपला हात आवरतो, त्यानें चूक केली काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. परंतु ज्यानें हात आवरावयास सांगितलें, त्याच्यावर तेव्हांपासून कर्ज चढतें. मित्रांनीं ३ सप्टेंबर रोजीं युद्ध पुकारलें खरें. पण फ्रेंच सैन्य जर्मन सीमेपलीकडे थोडेसें गेलें आणि परत फिरलें. १७ तारखेस पूर्वेकडून सोव्हिएत सैन्य आंत शिरलें, व २८ तारखेस वॉर्सा शहर शरण गेलें.

पोलंड निर्दोष होता, असेंही आम्ही म्हणत नाहीं. आदल्याच वर्षीं चेकोस्लोव्हाकिया संकटांत असतां त्यानें त्या शेजाऱ्याचा कांहीं मुलूख बळकाविला. जळत्या घरावर आपली पोळी भाजून घेण्यासारखेंच हें झालें. पण त्यामुळें मित्रांचें ऋण कांहीं फिटत नाहीं.

आपल्याकडे कोल्हापूराजवळ वळिवडें येथें इ. स. १९४३ पासून १९४८ पर्यंत सुमारें ५,००० पोलिश निर्वासित राहत होते. बहुतेक बायका व मुलें. त्यांतील पुष्कळांस सोव्हिएत सरकारानें घरांतून काढून दूर देशोधडीस लाविलें होतें. हुकूम काढावा कीं मागें घ्यावा, हें त्यांस कोणीं विचारलें नव्हतें.