पाळकाचीं मुलें व मंडळीचीं मुलें

मंडळीनें जो भार वाहावा असें पाळक सांगतो, तो त्यानें स्वतः अगोदर उचललेला असावा काय? इंग्लंडांतील डर्बीशायर परगण्यांत ईम नांवाचें एक लहानसें खेडें आहे, त्याचा इतिहास वाचतांना हा प्रश्न मनाला फार टोचतो.

१६६५ सालीं लंडनास मरी चालू असतां तेथून ईमच्या एका शिंप्याकडे कापडाचें गाठोडें आलें, आणि सप्टेंबरांत त्याच घरीं राहणारा जॉर्ज व्हिकर्स मरण पावला. हिवाळ्यांत रोग मंदावला; उन्हाळ्यांत पुनः भडकला. तेव्हां १६६६ च्या जूनमध्यें तेथील पाळक विल्यम मॉम्पेसन ह्यांनीं लोकांस विनविलें कीं, कोणीं गांवाची शीव ओलांडूं नये, नाहीं तर शेजारचीं गांवें बुडतील. हे नवे होते. लोकांचा ओढा टॉमस स्टॅन्ली ह्या जुन्या पाळकांकडे. ते तर सरकारमान्य उपासनापद्धति न स्वीकारल्यामुळें पदावरून गेलेले. तरी दोघे एक झाले. (आपल्याकडे दोन मिशनांचे पाळक एका बाजारांत भेटले तर काय होतें, तें वाचक जाणतातच!)

देऊळ बंद करून उपासना उघड्या घळींत होऊं लागली. डेव्हनशायरच्या अर्लांनीं धान्य पाठविलें. शिवेवरील दगडाच्या खळग्यांत सिरका घालून त्यांत नाणीं ठेवीत. एलिझाबेथ हॅन्कॉक नांवाच्या बाईनें आठ दिवसांत पति व सहा मुलें ह्यांस मूठमाती दिली. एकंदर सुमारें २६० माणसें गेलीं.

आतां मूळ प्रश्न. मॉम्पेसन ह्यांनीं आपलीं दोन मुलें ह्या ठरावाच्या आधींच बाहेर धाडलीं होतीं. त्यांनीं नियम मोडला, असें कोणास म्हणतां येणार नाहीं. पण श्रीमंतही आधींच निघून गेले होते. मागें राहिले ते बहुधा ज्यांस जावयास ठिकाण नव्हतें ते. अशांच्या राहण्यास स्वार्थत्याग म्हणावें काय? मला वाटतें, म्हणावें. कारण भय असतां रात्रीं डोंगर ओलांडणें कठीण नव्हतें. परंतु हॅन्कॉकच्या लेंकरांस कोणीं विचारलें होतें? बापाची माया पाळकांस दोष नव्हे, पण ती मंडळींतल्या बापांसही होती. माझ्या मतें मॉम्पेसन ह्यांस विनंति करण्याचा हक्क पदामुळें आला नाहीं. ते स्वतः राहिले, म्हणून आला. त्यांची पत्नी कॅथरीन हीही गेली नाहीं, व ऑगस्टांत वारली.

तिची कबर देवळाच्या आवारांत आहे. हॅन्कॉक कुटुंबाच्या कबरा मात्र गांवाबाहेर, शेतांत, एका दगडी कुंपणाच्या आंत आहेत.