बीअरच्या कारखान्यातला ‘विद्यार्थी’

गेल्या जानेवारीत पुण्यात एका परिसंवादाला गेलो होतो. माझ्याआधी बोलले ते माझे चाळीस वर्षांचे मित्र. औषध कंपनीतल्या मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झालेले, जिभेवर साखर, आणि टाळ्या कुठल्या वाक्याला पडतात याचं अचूक भान. त्यांनी ठणकावून सांगितलं, विज्ञानात पीएच.डी. करणाऱ्या प्रत्येकाला सहा महिने कंपनीत पाठवा, सक्तीने. त्याशिवाय प्रबंध स्वीकारूच नका. सभागृह खूश. माझी पाळी आली तेव्हा जेवणाची वेळ झाली होती आणि माझं दुसरं वाक्य संपायच्या आत सूत्रसंचालिकेची चिठ्ठी समोर आली. तेव्हा राहिलेलं आता इथे लिहितो. दिवाळी अंकाचे संपादक निदान चिठ्ठ्या पाठवत नाहीत.

टाळ्यांचं मला नवल वाटलं नाही. डिसेंबर २०२३मध्ये नागपूरच्या अधिवेशनात सारथी संस्थेच्या फेलोशिपचा विषय निघाला, तेव्हा पीएच.डी. करून ही मुलं काय दिवे लावणार, असं तत्कालीन उपमुख्यमंत्री अजित पवारांनी विचारलं आणि गदारोळ झाला. पण तो प्रश्न त्यांच्या एकट्याचा नव्हता. लग्नाच्या बैठकीत मुलीचा मामा तेच विचारतो, फक्त चहाचा घोट घेऊन. माझ्या मित्राने त्या प्रश्नाला उत्तर शोधलं: दिवा विद्यापीठात लागत नाही ना, मग कंपनीत नेऊन लावा.

पण कंपनीत तेल आहे का? २०२०-२१च्या सरकारी आकड्यांप्रमाणे आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो आणि त्यातला खासगी उद्योगांचा वाटा जेमतेम ३६ टक्के आहे. कोरियात, चीनमध्ये तो सत्तरच्या वर जातो. आपल्या बऱ्याच कारखान्यांत ‘आर अँड डी’ची पाटी असते आणि पाटीखाली क्वालिटी कंट्रोलची खोली. तिथे गेलेल्या पोराला एचआरवाले सेफ्टी शूज देतात, एक एक्सेलची फाइल देतात आणि सहा महिन्यांनी प्रमाणपत्र देतात. याला उद्योगाचा अनुभव म्हणायचं असेल तर स्वारगेटच्या स्टँडवर सहा महिने बसणाऱ्याला वाहतूकतज्ज्ञ म्हणायला हरकत नाही.

हा माझा नुसता तर्क नाही. माझी एक विद्यार्थिनी अशीच चार महिने एका रसायन कंपनीत गेली होती. परत आली ती चांगल्या नोंदी घेऊन. त्यावर तिने प्रबंधाचं एक प्रकरण लिहिलं आणि ते मंजुरीसाठी कंपनीच्या वकिलाकडे गेलं. चौदा महिने तिथेच पडलं. पेटंटसाठी थांबावं लागतं हे मला मान्य आहे. अर्जाआधी शोध छापला गेला तर त्याचं नावीन्य संपतं. पण अर्ज केल्यावर तोही १८ महिन्यांनी जाहीर होतोच, आणि इथे तर कंपनीने अर्जच केला नव्हता. अखेर ते प्रकरण गाळून तिने सिनॉप्सिस दिला.

आता माझ्या लाडक्या माणसाकडे येतो. माझे जुने विद्यार्थी इथे हसतील, कारण विल्यम सीली गॉसेटला वर्गात आणल्याशिवाय माझं एकही सत्र गेलं नाही. ऑक्सफर्डला रसायन आणि गणित शिकलेला हा गृहस्थ १८९९ साली डब्लिनमध्ये गिनेसच्या बीअर कारखान्यात नोकरीला लागला. त्याची अडचण अगदी शेतकरी घरातली होती. बार्लीचे दोन वाण पेरले, प्रत्येकाचे चार-पाचच वाफे. एकाचं उत्पन्न जास्त आलं तर ते वाणामुळे की जमिनीमुळे? तेव्हाचं संख्याशास्त्र शेकड्यांनी नोंदी मागायचं. शेकडो वाफे कोण पेरणार?

मग गिनेसने काय केलं? विद्यापीठातून पोरं मागवली नाहीत. आपला माणूसच १९०६ साली लंडनला कार्ल पिअर्सनच्या प्रयोगशाळेत पाठवला. प्रश्न कारखान्याचा, माणूस कारखान्याचा, विद्यापीठाकडून हवी होती ती फक्त विद्या. मोजक्या नोंदींवरून किती खात्रीने बोलता येतं, हे त्याने १९०८च्या निबंधात मांडलं. कर्मचाऱ्याने स्वतःच्या नावाने काही छापू नये असा गिनेसचा नियम होता, म्हणून निबंधावर सही पडली ‘स्टुडंट’. आज कृषी विद्यापीठापासून औषध कंपनीपर्यंत जी टी-टेस्ट चालते ती या ‘विद्यार्थ्या’ची. औषधवाल्या मित्राने एवढं ध्यानात घ्यावं की त्या निबंधात झोपेच्या औषधाचंही उदाहरण आहे, दहा रुग्णांवरचं. स्वतः पिअर्सनला या छोट्या नमुन्यांचं फार महत्त्व वाटलं नाही. त्यांची खरी किंमत पुढे रोनाल्ड फिशरने ओळखली. आणि लंडनमधल्या पिअर्सनच्या त्याच युनिव्हर्सिटी कॉलेजात १९३०च्या दशकात सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे पोचले. परत येऊन त्यांनी पीक कापणी प्रयोगांना नमुना पाहणीची शिस्त लावली. डब्लिनच्या बार्लीचा धागा आपल्या शिवारापर्यंत असा येतो.

म्हणजे पाठवणी उलटी हवी, विद्यार्थी कंपनीत नव्हे, कंपनीचा माणूस विद्यापीठात. हेच ठासून सांगायचं असं ठरवून मी लेखाचा कच्चा मसुदा त्या विद्यार्थिनीला वाचून दाखवला. म्हटलं, तिलाही बरं वाटेल.

तिला बरं वाटलं नाही. म्हणाली, “सर, तुम्ही ऑपरेटरला विसरलात.” मग तिने आठवण करून दिली. रात्रपाळीत रिअ‍ॅक्टरशी उभ्या असलेल्या एका ऑपरेटरने तिला सांगितलं होतं की पावसाळ्यात ही बॅच हमखास बिघडते, मॅडम; लॉगबुकात कुणी लिहीत नाही, कारण लिहिलं तर आमच्यावर येतं. तिने हवेतला दमटपणा मोजायला सुरुवात केली ती तिथून. आमच्या प्रयोगशाळेत एसी बारा महिने चालतो. तिथे हा प्रश्न शंभर वर्षांत कुणाला पडला नसता. “आणि सर, गॉसेट लंडनला गेला खरा, पण वाफ्यांचा प्रश्न त्याला वाफ्यांपाशीच पडला ना?”

यावर मला काही बोलता आलं नाही. माझ्या लाडक्या माणसाचीच साक्ष तिने उलटवली. तेव्हा मित्राला अर्धं देणं लागतो: पोरांनी जायला हवं. सक्तीने मात्र नाही, आणि बिनपगारी तर मुळीच नाही. फ्रान्समध्ये १९८१पासून सिफ्र नावाची योजना आहे. तीत कंपनी विद्यार्थ्याला तीन वर्षं नोकरीवरच घेते, सरकार तिला अनुदान देतं आणि प्रयोगशाळा कराराने बांधलेली असते. ब्रिटनमधल्या जीवशास्त्राच्या काही पीएच.डी. विद्यार्थ्यांना तीन महिने बाहेर पाठवतात, पण प्रबंधाशी संबंध नसलेल्या कामावर. मला ही सोय आधी चमत्कारिक वाटायची, आता वकिलांपासून वाचण्याची युक्ती वाटते. आपल्याकडेही पंतप्रधान फेलोशिपमध्ये निम्मा भार कंपनीने उचलायची रीत आली. स्वतःचे पैसे घातले की कंपनी त्या मुलाला एक्सेलच्या फाइलीपाशी बसवून ठेवत नाही.

आणि करार. मुलगा गेटमधून आत जायच्या आधी करार नीट वाचून झाला पाहिजे, आणि तो वाचण्याचं काम गाइडचं आहे, असं मी इथे जोरात लिहिणार होतो. लिहिण्याआधी म्हटलं, त्या विद्यार्थिनीच्या वेळचा आपलाच जुना कागद बघू. कपाटात वरच्या फळीवर, व्हायवाच्या फायलींखाली सापडला. नऊ पानं. त्या वेळी घाईत होतो, विभागाची नॅकची पाहणी तोंडावर होती. शिपायाने जिथे पेन्सिलीने फुली मारली होती तिथे सही केली होती.

सातव्या पानावर कलम आहे. मसुदा मिळाल्यापासून नव्वद दिवसांत कंपनीने लेखी हरकत घेतली नाही, तर विद्यार्थ्याला तो प्रसिद्ध करण्याची मुभा राहील. त्या पानाखालीही पेन्सिलीची फुली आहे, आणि फुलीवर माझी सही.