सूड घेणारा देव

प्राचीन रोमी लोकांचा मार्स हा केवळ युद्धाचाच देव नव्हता. केटोच्या कृषिविषयक ग्रंथात शेतकरी आपले पीक, मेंढपाळ व गुरे सुरक्षित राखावी म्हणून त्याचीच विनवणी करितो. ही मागणी आपणांस परकी वाटणार नाही. मग तोच देव सूड घेणारा कसा झाला? लूकाच्या शुभवर्तमानातील कैसर औगुस्त याने तरुणपणी, इ. स. पूर्वी ४२ साली, फिलिप्पै येथील युद्धात दत्तक पित्याच्या खुनाचा सूड मागून मार्सास नवस केला. इ. स. पूर्वी २ साली ‘सूड घेणारा मार्स’ याचे मंदिर रोमात अर्पण झाले. क्रोध देवाच्या माथी मारिला म्हणजे मनुष्यास त्याची लाज वाटेनाशी होते, असे आम्हांस वाटते. आणि फिलिप्पै येथे तर दोन्ही सैन्ये रोमीच होती. मग मार्साने कोणाचे शेत राखावे?