पॉपकॉर्न, पथ्य आणि पाप

वजन कमी करण्यासाठी पथ्य पाळणाऱ्या मंडळींच्या तोंडी अलीकडे एक शब्द वारंवार ऐकू येतो : ‘चीट डे’. आठवडाभर भाकरी, पालेभाजी आणि काकडी खायची. मग एखाद्या दिवशी घरच्यांबरोबर सिनेमाला जायचे, मध्यंतरात पॉपकॉर्नचा डबा हातात घ्यायचा आणि हसत म्हणायचे, ‘आज आपला चीट डे!’ हा शब्द गमतीने वापरला जातो, हे आम्हांला ठाऊक आहे. पण त्याचा अर्थ फसवणूक असा आहे आणि फसवणूक हा नीतीचा विषय आहे. मग प्रश्न पडतो, इथे कोण कोणाला फसवतो? आणि खरोखरच फसवणूक होत असेल, तर तो घास गोड तरी कसा लागावा?

कुणाला हा प्रश्न क्षुल्लक वाटेल. परंतु ज्यांचे गुडघे दुखतात, ज्यांच्या घरात मधुमेह आहे, ज्यांना डॉक्टरांनी ‘वजन उतरवा’ असे बजावले आहे, त्यांच्यासाठी तो क्षुल्लक नाही. अनेकांचे पथ्य फार मोठ्या मोहाने मोडत नाही. अशाच एखाद्या संध्याकाळनंतर ‘आता काय राहिले!’ असे म्हणून ते सोडून दिले जाते. म्हणून या डब्याचा थोडा विचार करू या.

प्रथम हिशेब पाहू. मक्याची लाही मुळात वाईट नाही. तेलाशिवाय फुलवलेल्या एक कप लाह्यांत सुमारे ३० कॅलरी असतात. मात्र त्यावर तेल, लोणी किंवा साखरेचा पाक पडला आणि कपाच्या जागी भला मोठा डबा आला, की हा आकडा काही शेकड्यांवर जातो. सोबतच्या ३०० मिलिलिटर कोलात ३० ग्रॅमहून अधिक साखर असते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली सुचवले, की वरून घातलेली आणि पेयांतली साखर एकूण आहाराच्या दहा टक्क्यांच्या आत ठेवावी आणि शक्यतो पाच टक्क्यांच्या, म्हणजे दिवसाला सुमारे २५ ग्रॅमच्या आत असावी. एका पेल्यातच ती मर्यादा ओलांडली जाते. पण दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. एक किलो चरबीत सुमारे ७७०० कॅलरी असतात असे ढोबळमानाने धरतात. म्हणजे एका संध्याकाळच्या पॉपकॉर्नने महिन्याभराचे कष्ट वाया जात नाहीत. शरीर एका दिवसात बिघडत नाही आणि एका दिवसात सुधारतही नाही.

आता ‘पाप’ या शब्दाकडे वळू. आपल्या परंपरेत खादाडपणा सात प्रमुख दुर्गुणांत मोजला जातो. पण सहाव्या शतकात संत ग्रेगरी यांनी या दुर्गुणाच्या पाच वाटा सांगितल्या आणि पुढे तेराव्या शतकात संत थॉमस अक्वायनस यांनी त्यांचा ऊहापोह केला. वेळेआधी खाणे, उंची पदार्थांचाच हव्यास धरणे, अति खाणे, अधाशीपणे खाणे आणि पदार्थाच्या तयारीविषयी फाजील चोखंदळ असणे, अशा त्या पाच वाटा. प्रमाणाचा संबंध यांपैकी एकाच वाटेशी आहे. उरलेल्या चारांत मनाची ओढ आहे. तेव्हा मूठभरच खाणारा, पण दिवसभर अन्नाचेच चिंतन करणारा माणूस या दुर्गुणापासून दूर आहे असे छातीठोकपणे म्हणता येणार नाही. पथ्य पाळता पाळता अन्न हेच आपल्या मनाचे मालक होऊन बसत नाही ना, हेही अधूनमधून तपासावे.

संत थॉमस यांनी आणखी एक गोष्ट सांगितली, तिची आठवण आपल्याला कमी वेळा होते. संयम हा दोन चुकांच्या मधला रस्ता आहे, हा ॲरिस्टॉटलचा विचार त्यांनी स्वीकारला. सुखाच्या मागे वाहवत जाणे ही एक चूक. कारण नसताना प्रत्येक नैसर्गिक सुखाकडे पाठ फिरवणे ही दुसरी. मनाच्या विश्रांतीसाठी खेळ आणि विनोद आवश्यक आहेत, हे पटवताना ते एक जुनी कथा देतात. संत योहान आपल्या शिष्यांबरोबर खेळीमेळीत रमलेले पाहून काही जणांना ते खटकले. तेव्हा योहानांनी त्यांच्यातल्या एका धनुर्धाऱ्याला बाण सोडायला लावले आणि विचारले, असे सतत करत राहता येईल का? तो म्हणाला, मग धनुष्यच मोडेल. माणसाच्या मनाचेही तसेच आहे. सिनेमाची संध्याकाळ ही धनुष्याची दोरी सैल करण्याची वेळ आहे. ती खुशाल सैल करावी. धनुष्य फेकून मात्र देऊ नये.

परंतु मूळ प्रश्न उरतोच. मी स्वतःला दिलेला शब्द मोडला, तर फसवले कोणाला? इंग्रज विचारवंत थॉमस हॉब्ज यांनी १६५१ च्या आपल्या ‘लेव्हायथन’ ग्रंथात राजसत्तेविषयी लिहिताना असा युक्तिवाद केला, की जो केवळ स्वतःशीच बांधलेला आहे, तो खरे तर बांधलेलाच नाही, कारण बांधणाराही तोच आणि सोडणाराही तोच. वरवर हे बिनतोड वाटते. पण आपला अनुभव वेगळे सांगतो. सोमवारी सकाळी शांतपणे पथ्य ठरवणारा ‘मी’ आणि शनिवारी रात्री लोण्याच्या वासाने विरघळणारा ‘मी’ यांना आपण सारखा मान देत नाही. पहिल्याने विचार केलेला असतो. दुसरा फक्त सबबी शोधत असतो. म्हणून पहिल्याने दिलेली सूट ही सूट असते, तर दुसऱ्याने काढलेली पळवाट ही पळवाट असते. ‘या शनिवारी सिनेमाला जायचे, लहान डबा घ्यायचा, कोला नको’ असे आधीच ठरवून जो जातो, तो कोणालाही फसवत नाही. त्याने पॉपकॉर्नला आपल्या पथ्यातच जागा दिलेली असते.

अंधारात बसल्यावर निर्णय घेणे किती कठीण असते, हे एका प्रयोगाने दाखवले आहे. अमेरिकेतल्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठातील संशोधकांनी २०११ साली तो प्रसिद्ध केला. सिनेमागृहात काहींना ताजे, तर काहींना आठवड्याचे शिळे पॉपकॉर्न दिले. ज्यांना सिनेमात पॉपकॉर्न खाण्याची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही जवळजवळ ताज्याइतकेच खाल्ले. ते आवडले मात्र नव्हते! मग दुसऱ्या वेळी त्यांना नेहमीच्या हाताने न खाता दुसऱ्या हाताने खायला सांगितले, तेव्हा शिळे पॉपकॉर्न कमी खाल्ले गेले. याचा अर्थ असा, की आपण ज्याला मौज म्हणतो, ती पुष्कळदा निव्वळ हाताची सवय असते. जिभेला चव कळत नाही, मनाला आनंद होत नाही, हात तेवढा चालत असतो. अशा खाण्यात पथ्यही जाते आणि मौजही जाते.

अपराधी भावना तरी आपल्याला आवरते का? तेही दिसत नाही. १९७५ साली हर्मन आणि मॅक या संशोधकांनी काही विद्यार्थिनींना आधी मिल्कशेक दिले आणि नंतर हवे तितके आइस्क्रीम चाखायला सांगितले. ज्या एरवी खाण्यावर बंधन ठेवत नव्हत्या, त्यांनी मिल्कशेकनंतर आइस्क्रीम कमी खाल्ले. ज्या बंधन ठेवत होत्या, त्यांनी मिल्कशेक न घेतलेल्या आपल्यासारख्याच मुलींपेक्षा जास्त खाल्ले. एकदा पथ्य मोडलेच, मग आता कशाला अडायचे! पडलेल्या माणसाला पडण्यापेक्षा निराशाच अधिक खाली नेते, हे आपले धर्मगुरू आपल्याला नेहमी सांगत आले आहेत. पॉपकॉर्नच्या बाबतीतही ते खरे आहे.

इथे एक शंका रास्त आहे. सूट देण्याची सवय लागली तर? आज सिनेमा, उद्या बारसे, परवा लग्न, मग सण, मग वाढदिवस. आपल्या गावांत निमित्तांना तोटा नाही. यावर उत्तर सरळ आहे : सूट मोजता आली पाहिजे. जी दर रविवारी येते, तिला सूट म्हणू नये. ती रोजच्या आहाराचाच भाग आहे आणि तिचा हिशेबही त्यातच धरावा. उपवासकाळातदेखील रविवार उपवासाचा मानला जात नाही. पण म्हणून कोणी आठवड्याचे सातही दिवस रविवार करत नाही.

काही साध्या गोष्टी उपयोगी पडतात. कडकडून भूक लागलेली असताना सिनेमाला जाऊ नये, घरून जेवून निघावे. तिकिटाच्या पैशांतला मोठा वाटा वितरकाकडे जात असल्याने खाद्यपदार्थांवरची कमाई चित्रपटगृहांना महत्त्वाची असते. म्हणूनच ‘थोडे पैसे जास्त देऊन मोठा डबा घ्या’ असा आग्रह काउंटरवर होतो. त्यांचा तो व्यवसाय आहे, आपण आपला आकार आधीच ठरवून जावे. बाहेरचे खाद्यपदार्थ आणण्यास चित्रपटगृहे मनाई करू शकतात, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये दिला. पण पिण्याचे स्वच्छ पाणी विनामूल्य उपलब्ध असले पाहिजे, हेही त्याच वेळी स्पष्ट झाले. तेव्हा कोलाऐवजी पाणी मागायला संकोच कशाला? आणि एक डबा चौघांत फिरू द्यावा. वाटून खाल्ल्याने प्रत्येकाच्या वाट्याला कमी येते आणि गप्पांना रंग चढतो. ज्यांचे पथ्य मधुमेहासारख्या आजारासाठी डॉक्टरांनी घालून दिले आहे, त्यांनी मात्र सूट स्वतःच्या मनाने घेऊ नये, डॉक्टरांना विचारावे.

शेजारच्या खुर्चीवर बसलेल्यांचेही काही कर्तव्य आहे. ‘अरे घे रे, एकाने काय होते!’ हा आपला प्रेमळ आग्रह कधी कधी दुसऱ्याच्या अनेक दिवसांच्या निश्चयावर पाय देतो. आणि ‘काय, तुमचे डाएट होते ना?’ हा टोमणा त्याच्या हातातला घास कडू करतो. जो नको म्हणतो, त्याला पुन्हा विचारू नये. जो घेतो, त्याला हिशेब विचारू नये.

ज्याने विचारपूर्वक आपली मर्यादा आखली, त्याने त्या मर्यादेतला आनंद निःशंक मनाने घ्यावा. लाह्या कुरकुरीत असताना खाव्यात, चव घेत खाव्यात आणि ठरवलेले संपले की हात पुसून सिनेमा पाहावा. फसवणूक हा शब्द खऱ्या फसवणुकीसाठी राखून ठेवू या. वजनात पैशांत दांडी मारणारा काटा, गरिबाची बुडवलेली मजुरी, जोडीदारापासून लपवलेले कर्ज, यांसाठी तो शब्द आपल्याला लागणार आहे. तो मूठभर लाह्यांवर खर्च करू नये.