कॉलेजांतील दिवस कोणाचे?

बारावीचा निकाल लागला, म्हणजे सोलापूर जिल्ह्यांत गांवोगांवीं एकच बोलणें सुरू होतें. मुलाला पुढें शिकवावें, कीं कामाला लावावें? मुलीला शहरांत पाठवावें, कीं घरींच ठेवावें? पुष्कळ विचार होतो. शेवटीं कोणी शेळ्या विकतो, कोणी मुकादमाकडून उचल घेतो, कोणी माउली कानांतलें गहाण ठेविते. आणि करमाळा, सांगोला, अक्कलकोट, मंगळवेढा अशा ठिकाणांहून तें पोर एस. टी. नें सोलापुरास येऊन उतरतें. पुष्कळदां घराण्यांत कॉलेजचें तोंड पाहणारें तेंच पहिलें असतें.

अशा वेळीं एक प्रश्न उघडपणें कोणी विचारीत नाहीं. पण प्रत्येक विद्यार्थी आपल्या वागणुकीनें त्याचें उत्तर देतच असतो. तो प्रश्न असा कीं, कॉलेजांतील हे दिवस कोणाचे?

तारुण्य म्हणतें, "हे दिवस माझे. ते पुन्हां येणार नाहींत. मला वाटेल तसे मी ते घालवीन." घर म्हणतें, "पैसा आमचा, तेव्हां दिवसहि आमचे. पदवी घे, नोकरी धर आणि धाकट्या भावंडांना वर ओढ." ह्या दोन्ही उत्तरांत खऱ्याचा कांहीं अंश आहे. एकाच्या बदली दुसऱ्याला शिकतां येत नाहीं. म्हणून दिवस विद्यार्थ्याचे आहेत. पण त्या दिवसांसाठीं घाम दुसऱ्यांनीं गाळला आहे. म्हणून ते केवळ त्याचे नव्हेत.

कुणब्याच्या घरांतील बियाण्याची गोष्ट पाहा. वर्ष कठीण आलें आणि कणगी रिकामी होत चालली, तरी शहाणा कुणबी मालदांडी ज्वारीचें बियाणें दळावयास काढीत नाहीं. सर्वांनीं अर्धपोटीं राहून तें राखलेलें असतें. तें बियाणें कोणाचें? सगळ्या घराचें. परंतु पेरणीच्या दिवशीं कोणी असें म्हणत नाहीं कीं, आमचे दाणे आम्हांस उद्यां जसेच्या तसे परत द्या. तें मातींत गेलें पाहिजे, त्यास वेळ मिळाला पाहिजे, आणि मग त्याचें पीक घरीं येतें, शेजाऱ्यालाहि पुरतें. कॉलेजांतील दिवस हे असें बियाणें होय. तें उधळणारा पोरगा घराचा अपराधी आहे. आणि तें उकरून उकरून पाहणारें घर आपलेंच नुकसान करून घेतें.

ह्या शहरांत जन्मलेल्या एका पुरुषाचें चरित्र येथें आठवण्यासारखें आहे. डॉ. द्वारकानाथ कोटणीस ह्यांचा जन्म सोलापुरास १० ऑक्टोबर १९१० रोजीं झाला. मुंबईच्या सेठ गोर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजांत ते डॉक्टर झाले. १९३८ सालीं, जपानशीं युद्ध चालू असतां, हिंदुस्थानांतून पांच डॉक्टरांचें पथक चीन देशास गेलें. त्यांत ते होते. पुढें येनानकडे निघावयाचें होतें, तोंच वडील वारल्याची बातमी आली. तरी ते परतले नाहींत. त्यांनीं चिनी भाषा शिकून घेतली, घायाळांवर शस्त्रक्रिया केल्या, बेथून ह्यांच्या नांवाच्या रुग्णालयाचे प्रमुख म्हणून काम पाहिलें, आणि ९ डिसेंबर १९४२ रोजीं, वयाच्या अवघ्या ३२ व्या वर्षीं, तेथेंच देह ठेविला.

येथें कोणी विचारील, "मग आईबापांच्या ऋणाचें काय?" प्रश्न योग्य आहे. ज्याच्या कमाईवर घराची चूल अवलंबून आहे, त्यानें कोटणिसांचें नांव सांगून घराकडे पाठ फिरवावी, असें आम्ही म्हणणार नाहीं. परंतु एक गोष्ट निर्विवाद आहे. परमुलुखांत घायाळ माणूस पुढें आला, तेव्हां त्यांच्या उपयोगी पडली ती कॉलेजांत मन लावून मिळविलेली विद्या. पदवीचा कागद जखम शिवीत नाहीं, हात शिवितो. तो हात ज्या वर्षांत तयार होतो, तीं हीं वर्षें.

दुसरें उदाहरण डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचें. १९१३ सालीं बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठांत गेले. शिष्यवृत्तीला मुदत होती, आणि ती त्यांच्या ध्यानांत होती. १९१५ सालीं ते एम. ए. झाले, १९१६ सालीं लंडनला गेले, १९१७ सालीं मुदत संपल्यामुळें अभ्यास अर्धवट टाकून परत यावें लागलें. पुष्कळांनीं तेथेंच हाय खाल्ली असती. त्यांनीं मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजांत प्राध्यापकी करून पैसे सांठविले, इतरांचें साह्य घेतलें, १९२० सालीं पुन्हां लंडन गांठलें, आणि १९२३ सालीं डी. एस्सी. ही पदवी मिळविली. दिवस मोजके आहेत हें ज्याला कळतें, त्याला एका तासाचीहि किंमत कळते.

आतां सोलापुराकडे वळूं. येथें १९४० सालीं दयानंद कॉलेज आणि १९५३ सालीं संगमेश्वर कॉलेज निघालें. १ ऑगस्ट २००४ पासून जिल्ह्यासाठीं स्वतंत्र विद्यापीठ झालें, व २०१९ पासून त्यास पुण्यश्लोक अहिल्यादेवी होळकर ह्यांचें नांव आहे. पूर्वीं ज्यासाठीं पुण्यामुंबईची वाट धरावी लागे, तें दार आतां जवळ आलें आहे. परंतु दार जवळ आलें म्हणजे आंत प्रवेश झाला असें नव्हे. वर्गांत नांव आणि खोलींत मोबाईल, अशीं तीन वर्षें काढून रिकाम्या हातांनीं गांवीं परतणारे थोडे नाहींत.

तेव्हां, तरुण बंधुभगिनींनो, कांहीं गोष्टी मनावर घ्या. इंग्रजी कळत नाहीं म्हणून पहिल्या वर्षीं मागच्या बांकावर लपूं नका. रोज एक पान शब्दकोश घेऊन वाचा. वर्षअखेर तीनशें पानें होतात. न समजलेलें शिक्षकांस विचारा. विचारण्यांत क्षणभर लाज आहे, न विचारण्यांत जन्माचें अज्ञान आहे. गाईड वाचून परीक्षा उतरते, पण विषय येत नाहीं. ग्रंथालयांतून मूळ पुस्तक घ्या. महिन्याच्या खर्चाचा हिशेब पै-पैचा लिहा आणि सुटींत तो घरच्यांस दाखवा. कमवा व शिका योजनेंत झाडलोट करावी लागली, तर कमीपणा मानूं नका. कर्मवीर भाऊराव पाटलांनीं १९१९ सालीं रयत शिक्षण संस्था काढिली, ती गरिबांच्या पोरांनीं श्रम करून शिकावें ह्याच विचारावर वाढली.

नक्कल करून पास होण्याचा मोह पडेल. त्या वेळीं सोलापुरी चादरीचा विचार करा. तिचें नांव झालें तें सूत व वीण खरी म्हणून. खोट्या सुताची चादर पहिल्याच धुण्यांत उघडी पडते. नक्कल करून झालेली परिचारिका उद्यां कोणाच्या तरी लेकरास औषध देणार आहे. त्या लेकरानें तिचें काय केलें आहे?

आणि केवळ आपल्याच गांवच्या, आपल्याच जातीच्या मुलांत बसूं नका. सोलापूर हें मराठी, कानडी, तेलुगू व उर्दू बोलणाऱ्यांचें शहर आहे. वर्गांत शेजारीं बसलेल्या मुलाची आई कदाचित् विड्या वळून त्याची फी भरीत असेल. त्याच्या भाषेंतले चार शब्द शिका, त्याच्या घरीं जा. एवढें शिक्षण कोणत्याहि पुस्तकांत मिळत नाहीं, आणि त्यास फीहि पडत नाहीं.

गांवांतील पालक व उपदेशक ह्यांसहि दोन शब्द. मूल सुटींत घरीं आलें, म्हणजे "मार्क किती पडले?" एवढेंच विचारूं नका; "काय शिकलास?" असेंहि विचारा, आणि तें ऐकावयास बसा. तें एखाद्या विषयांत नापास झालें, तर चारचौघांत त्याचें नांव काढूं नका. परीक्षा पुन्हां देतां येते, मोडलेलें मन लवकर सांधत नाहीं. मुलगी दुसऱ्या वर्षांत असतां चांगलें स्थळ आलें म्हणून तिला काढून आणूं नका. तिला १८ वर्षें पूर्ण झालीं असतील, म्हणून कायदा आड येणार नाहीं, हें खरें. पण पोटरींत आलेलें पीक वैरणीसाठीं कापणारास आपण शहाणा म्हणतों काय?

कॉलेजांतील दिवस ज्याच्या हातीं दिले, त्याचे ते खरेच. पण बियाणें पेरणाराच्या हातीं देतात, त्या अर्थानें. त्यानें तें मन लावून पेरावें, घरच्यांनीं धीरानें वाट पाहावी, आणि पीक आल्यावर पायलीभर त्या घरीं पोहोंचवावें, ज्या घरांतून अजून कोणी कॉलेजास गेलें नाहीं.