कोरड्या नाल्याची जागा कोणाची?

वर्षातले आठ महिने जो तिथे नसतोच, त्याचा त्या जागेवर हक्क उरतो का?

विदर्भात पूर्णेच्या खोऱ्यात हा प्रश्न नाल्याबद्दल विचारावा लागतो. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे डोंगर आणि मध्ये अमरावती-अकोला-बुलडाण्याची सपाट काळी जमीन. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात. पहिला पाऊस त्या भेगाच पिऊन टाकतात. नाला कोरडाच राहतो. मग माती फुगते, भेगा मिटतात आणि पुढच्या पावसाचं पाणी वरूनच धावतं. तेव्हा कुठे नाला येतो. इथल्या खारपाणपट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं. वरून वाहणारं हे गोडं पाणी म्हणूनच मोलाचं.

पण उतार इतका कमी की नाल्याचं पात्रही उथळ असतं. नांगराच्या चार फेऱ्यांत ते शेतात मिसळून जातं. नांगरणारा लोभीच असतो असं नाही. दोन एकरवाल्याला चार तासं कपाशी जास्त मिळाली, तर ती हवीच असतात. त्याच्या बाजूने एक जुनं, न्याय्य वाक्यही उभं आहे: कसेल त्याची जमीन.

ते वाक्य गावात न राहता पिकाचा वाटा नेणाऱ्या जमीनदाराविरुद्ध होतं. नालाही गैरहजरच असतो, मग त्याला वेगळा न्याय का?

कारण जमीनदार नसताना त्याचं काही काम चालू नसायचं, फक्त वसुली चालायची. नाल्याचं रिकामं असणं हेच त्याचं अर्धं काम आहे. पाणी येईल तेव्हा त्याला जागा हवी, म्हणून ती जागा रिकामी असते. रिकामं आणि निरुपयोगी यांत आपण गल्लत करतो.

कायद्याने ही गल्लत केलेली नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम २० मध्ये नदीचं आणि नाल्याचं पात्र एकाच यादीत आहे: दुसऱ्या कुणाची मालकी सिद्ध नसेल, तर ते सरकारचं. पण सरकार प्रत्येक बांधावर उभं नसतं. बुजलेल्या नाल्याचं पाणी तिथे थांबतं आणि वरच्या शेजाऱ्याची तूर पिवळी पडते.

म्हणजे नाल्याचा हक्क हा खरं तर त्या शेजाऱ्याचा हक्क आहे. पात्रात नांगर घालण्याआधी परवानगी मागायची असेल, तर ती वरच्या शेतात जाऊन मागावी. तो काय म्हणेल, हे आपल्याला माहीत असतं. म्हणूनच आपण विचारत नाही.