ज्याला थांबणे परवडत नाही

इलेक्ट्रिक गाडीचा विषय निघाला की आपण रेंज विचारतो, पिकअप विचारतो, किंमत विचारतो. ती गाडी रात्री कुठे उभी राहणार, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. सोसायटीत स्वतःचे पार्किंग आणि तिथेच प्लग असेल, तर चार्जिंगची काळजी उरत नाही. मालक झोपलेला असताना गाडी भरते. रस्त्याच्या कडेला रिक्षा लावणाऱ्याकडे प्लग नसतो आणि भर धंद्याच्या वेळी तीन तास गाडी उभी ठेवायची सोयही नसते. बॅटरी स्वॅपिंग, म्हणजे संपलेली बॅटरी देऊन भरलेली घेणे, व्यवहार्य आहे की नाही, हे या दुसऱ्या माणसाच्या हिशोबाने ठरवायला हवे, असे माझे ठाम मत आहे.

आजवर गाजलेले प्रयोग पहिल्या माणसासाठी झाले. शाई अगासी यांनी २००७ मध्ये ‘बेटर प्लेस’ ही कंपनी काढून इस्रायल आणि डेन्मार्कमध्ये स्वॅप केंद्रे उभारली. मोटार आत आली की यंत्र खालून बॅटरी काढून दुसरी चढवत असे. तंत्र चालले, धंदा चालला नाही. या केंद्रांवर बॅटरी बदलता येईल अशी गाडी एकट्या रेनॉने दिली. सुमारे ८५ कोटी डॉलरचे भांडवल उभारलेली कंपनी २०१३ मध्ये दिवाळखोरीत गेली. त्याच वर्षी टेस्लाने दीड मिनिटात बॅटरी बदलून दाखवली आणि पुढे सगळा भर जलद चार्जिंगवरच दिला. चीनमध्ये निओ या मोटार कंपनीने तीन हजारांवर केंद्रे उभारली खरी, पण त्यामागे प्रचंड भांडवल आणि वर्षानुवर्षांचा तोटा आहे. काही शे किलोंची बॅटरी हलवायला यंत्र लागते, यंत्राला जागा लागते, आणि रोज चाळीस किलोमीटर फिरणाऱ्या मोटारमालकाला त्या खटाटोपाची गरजच पडत नाही.

तैवानमध्ये २०१५ पासून गोगोरो या कंपनीने दुचाकीसाठी हाच मार्ग धरला, तेव्हा चित्र बदलले. तिथली बॅटरी साधारण नऊ किलोंची, म्हणजे कोणीही हाताने उचलावी अशी. पुढे यामाहासारख्या कंपन्यांनीही त्याच बॅटरीवर चालणाऱ्या स्कूटर आणल्या. केंद्र एक आणि गिऱ्हाईक अनेक कंपन्यांचे, म्हणून ते केंद्र पोसले गेले.

आपल्याकडे याची खरी कसोटी लागते ती ई-रिक्षात. दिल्लीतल्या जुन्या ई-रिक्षाच्या सीटखाली लेड-ॲसिडच्या चार बॅटऱ्या असतात. सगळ्या मिळून शंभर किलोंवर वजन, पूर्ण चार्जिंगला आठ-दहा तास, आणि वर्ष-दीड वर्षात नव्या संचाचा खर्च पुन्हा दारात. स्वॅपिंगची लिथियम बॅटरी घेणारा चालक केंद्रावर येतो, मूठ धरून पॅक ओढतो, कप्प्यात सरकवतो, भरलेला उचलून गाडीत बसवतो आणि दोन-तीन मिनिटांत पुन्हा सवारीच्या शोधात निघतो. बॅटरी त्याच्या मालकीची नसल्यामुळे ती बदलण्यासाठी कर्ज काढायची वेळ येत नाही. ज्याची कमाई तासांवर मोजली जाते, त्याचे हे तास वाचतात.

मग अडते कुठे? केंद्रचालकाला रस्त्यावरच्या गाड्यांपेक्षा जास्त बॅटऱ्या घ्याव्या लागतात. गाड्या कमी असल्या की त्या कप्प्यात पडून राहतात. केंद्रे कमी असली की गाड्या वाढत नाहीत. त्यात प्रत्येक कंपनीचा पॅक वेगळा. होंडाची ॲक्टिव्हा ई: बाजारात आली ती घरी चार्जिंगची सोय नसलेली, तिची भिस्त होंडाच्याच केंद्रांवर. स्वयंपाकाच्या गॅसचे असे झाले नाही. तिन्ही सरकारी तेल कंपन्यांच्या घरगुती सिलिंडरला एकच रेग्युलेटर बसतो, म्हणून ते जाळे गावोगाव पोचले. सिलिंडर वजन करून घेता येतो. बॅटरी आतून किती झिजली आहे, हे मात्र डोळ्यांना दिसत नाही. झिजलेला पॅक हाती आला तर शेवटच्या फेरीचे भाडे चालकाचेच बुडते.

धोरणाची पावले अर्धवट पडली आहेत. बॅटरीविना गाडी विकायला आणि नोंदवायला केंद्राने २०२० मध्ये मुभा दिली. २०२२ च्या अर्थसंकल्पात स्वॅपिंग धोरणाची घोषणा झाली, पाठोपाठ नीती आयोगाचा मसुदा आला. बॅटरीच्या एकसारख्या मापाने नवे संशोधन अडेल, ही उत्पादकांची हरकत होती. मोटारीपुरती ती मला पटते. तीनचाकीच्या पॅकला मात्र एकच कनेक्टर आणि गाडीशी बोलणारी एकच भाषा ठरवली, तर त्याच्या आतल्या रसायनावर कोणतेही बंधन येत नाही. करातही विसंगती आहे. बॅटरीसकट इलेक्ट्रिक गाडी घेतली तर जीएसटी ५ टक्के, तीच बॅटरी वेगळी घेतली तर १८ टक्के. हा जास्तीचा भार शेवटी स्वॅपच्या दरातून रिक्षावाल्याच्याच माथी येतो.

म्हणून खासगी मोटारींचा नाद सोडून सार्वजनिक पैसा आणि लक्ष रिक्षा, मालवाहू तीनचाकी आणि घरपोच सामान देणाऱ्या दुचाकींकडे वळवावे. कनेक्टर एक करावा, कर समान करावा, प्रत्येक पॅकची उरलेली क्षमता चालकाच्या मोबाइलवर दाखवणे बंधनकारक करावे आणि रिक्षा थांब्यालगत केंद्राला जागा द्यावी. यातल्या एकाही कामासाठी नव्या शोधाची वाट पाहावी लागत नाही. शहराची हवा सुधारण्याचा खर्च ज्यांच्याकडून आपण पहिल्यांदा मागतो आहोत, त्यांचा दिवसाचा धंदा न बुडवता तो बदल घडवणे आपल्याला आजच शक्य आहे.